वेलँडमधले ऑब्जेक्ट आयडी: नंबर द्यायचा कुणी आणि परत घ्यायचा कधी

वेलँड म्हणजे लिनक्सवर खिडक्या पडद्यावर आणण्यासाठी ॲप (क्लायंट) आणि डिस्प्ले सर्व्हर (कंपोझिटर) ज्या भाषेत बोलतात तो प्रोटोकॉल. त्याचा क्लायंट लायब्ररी न वापरता, थेट सॉकेटवर बाइट लिहून बनवायला घेतला, की पहिल्या तासाभरात एकदा तरी सर्व्हर कनेक्शन तोडतो. दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं: आयडीचा हिशोब चुकलेला. प्रोटोकॉल वाचताना हा भाग अगदी क्षुल्लक वाटतो. ऑब्जेक्टला ३२ बिटांचा एक नंबर, बस. नंबर देणं खरोखरच सोपं आहे. अवघड आहे तो परत घेणं, कारण त्यासाठी दोन प्रक्रियांचं एकमत लागतं आणि त्यांच्यामधल्या सॉकेटमध्ये निरोप नेहमीच वाटेत असतात.

खालच्या पायऱ्या अशा नवख्यांसाठी आहेत ज्यांना स्वतःचा छोटा क्लायंट किंवा कंपोझिटर लिहायचा आहे, किंवा लिबवेलँड ही वेलँडची तयार लायब्ररी आत काय करते ते समजून घ्यायचं आहे. क्लायंटकडून सर्व्हरकडे जाणारा निरोप म्हणजे विनंती, उलट येणारा म्हणजे इव्हेंट. इंटरफेसच्या नावांआधी येणारा ‘डब्ल्यूएल’ हा उपसर्ग वाचायला सोपं जावं म्हणून गाळला आहे: डिस्प्ले, रजिस्ट्री, सरफेस, कॉलबॅक, कीबोर्ड.

तयारी

सरावासाठी वेस्टन हा कंपोझिटर चालू डेस्कटॉपवरच एका खिडकीत उघडा आणि त्याला वेगळ्या नावाचं सॉकेट द्या. क्लायंटची चूक फक्त त्या क्लायंटला बाहेर काढते, पण पुढे कंपोझिटरच्या कोडात हात घालाल तेव्हा तो कोसळला तर सगळं सेशन जातं. ते त्या खिडकीपुरतंच गेलेलं बरं.

दुसरं, ‘वेलँड_डिबग’ हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल १ करून एखादा साधा क्लायंट चालवा आणि नोंद फाइलमध्ये घ्या. प्रत्येक ओळीत इंटरफेसचं नाव आणि त्याला चिकटून आयडी दिसतो. जुन्या आवृत्त्यांत मध्ये ‘ॲट’चं चिन्ह असतं, नव्यांत हॅश. ही फाइल शेजारी उघडी ठेवूनच पुढचं वाचा.

पायरी १: नंबरांची वाटणी

- ० म्हणजे ‘काही नाही’. तो कुठल्याच ऑब्जेक्टला मिळत नाही.
- १ म्हणजे डिस्प्ले. कनेक्शन झालं की हा दोन्हीकडे आधीच हजर असतो, तो बनवावा लागत नाही.
- २ पासून ४,२७,८१,९०,०७९ पर्यंतचे नंबर क्लायंटने द्यायचे.
- ४,२७,८१,९०,०८० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतचे सर्व्हरने द्यायचे. हेक्समध्ये पाहिलं तर सर्वांत वरचा बाइट २५५ असलेले सगळे नंबर सर्व्हरचे.

नवं ऑब्जेक्ट हवं असलेली बाजू आपल्या हिश्श्यातला नंबर स्वतःच ठरवते आणि विनंतीत लिहून पाठवते. काउंटरवरचं टोकन मालकाने द्यायचं असतं. इथे गिऱ्हाईकच ते घरून लिहून आणतं. फायदा मोठा आहे: उत्तराची वाट पाहावी लागत नाही. सरफेस बनवा, लगेच त्याच नंबरावर पुढच्या पाच विनंत्या लिहा आणि सगळं एका झटक्यात पाठवा. सर्व्हर क्रमाने वाचतो, त्यामुळे दुसरी विनंती वाचेपर्यंत पहिलीतलं ऑब्जेक्ट तयार झालेलं असतं.

हे नंबर त्या एका कनेक्शनपुरतेच असतात. एका क्लायंटचा सरफेस ७ आणि दुसऱ्याचा सरफेस ७ यांचा काडीचाही संबंध नाही. सर्व्हर प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी यादी ठेवतो.

पायरी २: पहिला निरोप हाताने लिहा

प्रत्येक निरोपाचं डोकं ८ बाइटांचं असतं. पहिल्या चार बाइटांत ज्या ऑब्जेक्टशी बोलायचं त्याचा आयडी. पुढच्या ३२ बिटांत वरच्या १६ मध्ये निरोपाची एकूण लांबी (डोकं धरून) आणि खालच्या १६ मध्ये ऑपकोड, म्हणजे त्या इंटरफेसची कितवी विनंती किंवा इव्हेंट तो क्रमांक. बाइटांचा क्रम मशिनचा जो असेल तोच.

रजिस्ट्री म्हणजे सर्व्हरकडे काय काय आहे त्याची यादी सांगणारं ऑब्जेक्ट. ती मागायची तर डिस्प्लेची ऑपकोड १ ची विनंती, गेट-रजिस्ट्री. तिला एकच आर्ग्युमेंट, नवा आयडी. आपल्या हिश्श्यातला पहिला मोकळा नंबर २. म्हणजे एकूण १२ बाइट. एक्स८६ किंवा एआरएमवर दशमान पद्धतीत ते असे दिसतील:

१ ० ० ० | १ ० १२ ० | २ ० ० ०

पहिला गट डिस्प्ले, मधला ऑपकोड १ आणि लांबी १२, शेवटचा नवा आयडी. इतकंच.

यानंतर रजिस्ट्री ‘ग्लोबल’ इव्हेंट पाठवू लागते. प्रत्येकात एक संख्या, इंटरफेसचं नाव आणि आवृत्ती. त्या पहिल्या संख्येला प्रोटोकॉलमध्ये ‘नेम’ म्हणतात आणि नवखे तिलाच आयडी समजतात. ती आयडी नाही. ती फक्त ‘बाइंड’ करताना, म्हणजे यादीतली ती वस्तू आपल्यासाठी मागताना, परत सांगायची खूण आहे. आयडी तुम्हाला तुमच्या यादीतूनच द्यायचा आहे.

बाइंडमध्ये आणखी एक खाच आहे. बाकी विनंत्यांत नवा आयडी कुठल्या इंटरफेसचा ते आधीच ठरलेलं असतं, इथे नसतं. म्हणून आयडीच्या आधी इंटरफेसचं पूर्ण नाव आणि आवृत्ती लिहावी लागते. ‘कंपोझिटर’ याच नावाचा एक इंटरफेस आहे; त्याचं नाव उपसर्ग आणि अंडरस्कोर धरून १३ अक्षरांचं; शेवटचा शून्य धरून लांबी १४ लिहायची, पण जागा १६ बाइट द्यायची, कारण सगळं चारच्या पटीत लागतं. हिशोब: डोकं ८, नेम ४, लांबी ४, मजकूर १६, आवृत्ती ४, आयडी ४. एकूण ४०. तुमचा आकडा ३८ येत असेल तर पॅडिंग विसरलात.

पायरी ३: यादी बनवा, आणि ती सलग ठेवा

क्लायंटकडे एक ॲरे पुरतो: आयडी हाच इंडेक्स. प्रत्येक घरात ऑब्जेक्टचा प्रकार, आवृत्ती, त्याची अवस्था आणि तुमच्या कोडमधला पॉइंटर. जोडीला मोकळ्या झालेल्या नंबरांची यादी. नवा नंबर हवा असेल तर आधी मोकळ्यांतला उचला. नसेल तरच शेवटच्याच्या पुढचा.

नंबर सोडून पुढे उडी मारायची नाही. लिबवेलँडवर चालणाऱ्या सर्व्हरकडेही असाच ॲरे असतो आणि आलेला नवा आयडी त्याच्या टोकाच्या बरोब्बर पुढचा किंवा मधल्या रिकाम्या घराचा असावा लागतो. आतापर्यंत ५ पर्यंत गेलात आणि एकदम १०० पाठवला, की कनेक्शन गेलं. वैताग असा, की क्लायंटला जो एरर येतो त्यात आयडीचा उल्लेखच नसतो. ‘अमुक विनंतीची आर्ग्युमेंट्स अवैध’ अशा अर्थाचा निरोप येतो आणि माणूस तासभर आर्ग्युमेंट्स तपासत बसतो. खरं कारण सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये ‘हा नवा आयडी वैध नाही’ असं छापलेलं असतं. म्हणून वेस्टन टर्मिनलमधून सुरू करा, लॉग समोर राहील.

हीच चूक थ्रेड वापरणाऱ्यांच्या नशिबी वेगळ्या रूपात येते. एका थ्रेडने ७ घेतला, दुसऱ्याने ८, आणि ८ वाला आधी सॉकेटवर पोचला. दोन्ही नंबर बरोबर, पण क्रम उलटा. सर्व्हरच्या नजरेत ८ ही उडीच. नंबर घेणं आणि निरोप बफरमध्ये लिहिणं ही दोन्ही कामं एकाच लॉकच्या आत करा. लिबवेलँड तेच करते.

पायरी ४: आयडी परत घ्यायला दोन सह्या

आता खरा मुद्दा. क्लायंटने सरफेस ७ वर ‘डिस्ट्रॉय’ पाठवलं. ७ मोकळा झाला का? नाही. सर्व्हरने ती विनंती अजून वाचलेलीच नसेल, आणि त्याआधी त्याने सरफेस ७ साठी पाठवलेले इव्हेंट वाटेत असतील. भाडेकरू खोली सोडून गेला तरी त्याची पत्रं काही दिवस येतच राहतात. तेवढ्यात खोली दुसऱ्याला दिलीत, तर पत्रं तो फोडेल.

म्हणून डिस्प्लेवर ‘डिलीट-आयडी’ नावाचा इव्हेंट आहे. सर्व्हरने ऑब्जेक्ट मोडलं की तो हा इव्हेंट पाठवतो: ‘आता ७ च्या नावाने माझ्याकडून काही येणार नाही.’ सॉकेटमध्ये क्रम पाळला जात असल्यामुळे त्याच्या आधीचं सगळं तोवर तुम्ही वाचलेलं असतं. क्लायंटची सही म्हणजे डिस्ट्रॉय, सर्व्हरची सही म्हणजे डिलीट-आयडी. दोन्ही झाल्याशिवाय नंबर मोकळ्या यादीत टाकायचा नाही.

त्यामुळे प्रत्येक घराच्या चार अवस्था ठेवा:

- चालू
- आपण सोडलं, सर्व्हरच्या सहीची वाट (याला झॉम्बी म्हणतात)
- सर्व्हरने सही केली, आपला कोड अजून धरून आहे
- मोकळं

तिसरी अवस्था अनेकांना सुचतच नाही, पण ती पहिल्याच मिनिटाला येते. ‘सिंक’ विनंती घ्या. तिने कॉलबॅक ३ बनतो, त्यावर ‘डन’ येतो आणि डन पाठवताच सर्व्हर स्वतःहून तो कॉलबॅक मोडतो. तुम्ही काही पाठवायचंच नसतं. तारेवरचा (सॉकेटवरचा) क्रम आधी डन, मग डिलीट-आयडी असा. पण लिबवेलँडच्या डिबग नोंदीत तुम्हाला असं दिसेल:

→ डिस्प्ले १ . गेट-रजिस्ट्री (नवा रजिस्ट्री २)
→ डिस्प्ले १ . सिंक (नवा कॉलबॅक ३)
डिस्प्ले १ . डिलीट-आयडी (३)
रजिस्ट्री २ . ग्लोबल (…)
कॉलबॅक ३ . डन (…)

मेल्यानंतर कॉलबॅक बोलला कसा, असा प्रश्न पडतो. ही नोंद तारेवरच्या क्रमाची नसून इव्हेंट हाताळण्याच्या क्रमाची आहे. डिस्प्लेचे स्वतःचे इव्हेंट लायब्ररी वेगळ्या रांगेत ठेवते आणि ती रांग आधी उपसते. डिलीट-आयडी आला तेव्हा ३ चा डन तुमच्या रांगेत पडून आहे, म्हणून ३ वर फक्त ‘सर्व्हरची सही झाली’ असा शिक्का बसतो. नंबर मोकळा होतो तो तुमच्या कोडने कॉलबॅक सोडल्यावर.

डिलीट-आयडीची वाट न पाहता ७ लगेच पुन्हा वापरला तर? सर्व्हर हूं की चूं करत नाही. त्याच्या दृष्टीने जुना ७ मोडला, नवा ७ आला, सगळं रीतसर. भोगायचं तुम्हाला असतं: जुन्या ७ चे इव्हेंट नव्या ७ च्या हँडलरमध्ये शिरतात, आणि मागून जुन्याचा डिलीट-आयडी येऊन जिवंत ऑब्जेक्टवरच मेल्याचा शिक्का मारतो. सावकाश चाचणी केली तर हे कधीच दिसत नाही. लोड वाढला की दिसतं.

पायरी ५: झॉम्बीची पत्रं नीट टाका

‘आयडी ओळखीचा नाही, निरोप टाकून दिला’ इतकं पुरत नाही. कीबोर्डचा ‘कीमॅप’ इव्हेंट बघा. त्याची आर्ग्युमेंट्स तीन: फॉरमॅट, फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा हवाला) आणि आकार. पण निरोपाची लांबी १६ बाइटच: डोकं ८, फॉरमॅट ४, आकार ४. डिस्क्रिप्टर बाइटांत नसतोच. तो युनिक्स सॉकेटच्या बाजूच्या वाटेने, वेगळ्या रांगेत येतो आणि त्यावर कुठल्या निरोपाचा ते लिहिलेलं नसतं.

कीबोर्ड सोडला आणि त्याच क्षणी कीमॅप वाटेत होता, तर त्याचे १६ बाइट टाकून देताना रांगेतला एक डिस्क्रिप्टरही काढून बंद करावा लागतो. नाही केला तर एक फाइल उघडी राहिली, हे नुकसान किरकोळ. खरं नुकसान म्हणजे पुढच्या ज्या निरोपाला डिस्क्रिप्टर हवा असेल त्याच्या हाती हा जुना पडतो, आणि तिथून पुढे सगळे एक-एक घर सरकतात. तुमच्याकडून कॉपी केलेलं कुणी पेस्ट करायला गेलं, तर तुमच्या हाती पाइपऐवजी कीमॅपची फाइल.

म्हणून झॉम्बीच्या घरात पॉइंटर नको, पण इंटरफेसची खूण ठेवा: या प्रकारच्या कुठल्या इव्हेंटला किती डिस्क्रिप्टर. लिबवेलँड हेच करते आणि डिबग नोंदीत अशा निरोपापुढे ‘डिस्कार्डेड’ छापते. नोंदीत तो शब्द दिसला म्हणजे बिघाड असं नाही.

पायरी ६: सर्व्हरने जन्म दिलेली ऑब्जेक्ट्स

क्लिपबोर्डवर काही आलं की डेटा-डिव्हाइस एक इव्हेंट पाठवतं आणि त्यात डेटा-ऑफरचा नवा आयडी असतो, सर्व्हरच्या हिश्श्यातला. यांच्यासाठी दुसरा ॲरे ठेवा; इंडेक्स काढताना ४,२७,८१,९०,०८० वजा करा. इथे डिलीट-आयडी येत नाही. तुम्ही डिस्ट्रॉय पाठवलं आणि सर्व्हरने वाचलं, की नंबर त्याचा, तो हवा तेव्हा पुन्हा वापरेल. त्यामुळे डिस्ट्रॉय लिहिताक्षणी आपल्याकडचं घर रिकामं करा. जुनी ऑफर सोडायला विसरलात तर प्रत्येक कॉपीगणिक सर्व्हरकडे एक ऑब्जेक्ट साचतं.

स्वतःचा प्रोटोकॉल लिहिणार असाल तर इव्हेंटमधून नवा आयडी देणं शक्यतो टाळा. पालक ऑब्जेक्ट क्लायंटने नुकतंच सोडलं आणि त्याच वेळी त्याच्यावर बाळ जन्माला घालणारा इव्हेंट वाटेत असला, तर क्लायंट झॉम्बीचा म्हणून तो टाकून देतो. सर्व्हरच्या यादीत बाळ आहे, क्लायंटच्या यादीत नाही, आणि दोन याद्या जुळेनाशा होतात. त्यापेक्षा सर्व्हरने नुसती खूण सांगावी आणि क्लायंटने हवं तर आपल्या नंबराने ऑब्जेक्ट मागावं, जसं रजिस्ट्री करते. प्रत्येक इंटरफेसला पहिल्या आवृत्तीपासून डिस्ट्रॉय द्या, हेही. रजिस्ट्रीला ते नव्हतं, म्हणून तिचा आयडी कनेक्शन संपेपर्यंत अडकून राहायचा. शेवटी ‘फिक्सेस’ नावाचा वेगळा इंटरफेस आणून ती सोय करावी लागली.

पायरी ७: कंपोझिटरच्या बाजूने

इथे नियम उलटा वाचायचा. क्लायंटच्या हिश्श्यातलं ऑब्जेक्ट (पायरी ४ मधल्या कॉलबॅकसारखं सोडून) तुम्ही एकतर्फी मोडू शकत नाही, कारण त्याच्या नावाच्या विनंत्या वाटेत असतात आणि क्लायंटला ‘अवैध ऑब्जेक्ट’ म्हणून बाहेर काढणं अन्याय होईल. मॉनिटरची केबल निघाली, तरी त्या आउटपुटचा आयडी जिवंत ठेवा, फक्त आतला पॉइंटर नल करा आणि येणाऱ्या विनंत्या निमूट गिळा. याला ‘इनर्ट’ करणं म्हणतात. ग्लोबल काढतानाही आधी फक्त जाहीर करा, प्रत्यक्ष मोडायला काही सेकंद थांबा. नुकताच कुणी बाइंड पाठवलेला असू शकतो.

क्लायंट गेला की त्याची सगळी ऑब्जेक्ट्स लायब्ररी मोडते, पण कोणत्या क्रमाने यावर विसंबू नका. दुसऱ्या कुठल्या स्ट्रक्चरमध्ये त्यातल्या एखाद्या सरफेसचा पॉइंटर ठेवला असेल, तर मोडण्याचा लिसनर लावलाच पाहिजे. कंपोझिटर कोसळण्याचं नेहमीचं कारण हेच.

बिघाड ओळखताना

‘अवैध ऑब्जेक्ट’, कोड ०: मोडलेल्या किंवा कधी न बनवलेल्या आयडीशी बोललात. बहुतेकदा डिस्ट्रॉयचा क्रम चुकलेला असतो किंवा दोनदा डिस्ट्रॉय झालेलं असतं.

‘अवैध मेथड’, कोड १: ऑपकोड चुकीचा, आयडी उडी मारून दिलेला, किंवा त्या नंबरावर तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा वेगळ्याच प्रकारचं ऑब्जेक्ट बसलंय. दोन्ही एरर जीवघेणे आहेत. कनेक्शन परत मिळत नाही.

मेमरी हळूहळू वाढतेय: प्रत्येक फ्रेमचा कॉलबॅक सोडला जात नाहीये. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर तासाला २,१६,००० आयडी. अलीकडच्या लिबवेलँडमध्ये एका बाजूच्या यादीला १,५७,२८,६४० ची मर्यादा आहे, म्हणजे तुमचं घड्याळाचं विजेट तीन दिवस छान चालेल आणि मग पडेल. शनिवारी लावलं तर मंगळवारी.

नुकताच मोकळा झालेला नंबर पहिला उचलला जातो, त्यामुळे जुना आयडी धरून बसलेला कोड ‘अवैध ऑब्जेक्ट’वर न अडकता मुकाट्याने भलत्याच ऑब्जेक्टशी बोलतो. स्वतःचा ॲलोकेटर असेल तर विकासाच्या काळात मोकळी यादी रांगेसारखी चालवा, सर्वांत जुना मोकळा नंबर आधी. अशी चूक लवकर उघडी पडते.

एक्स११ वरून येणाऱ्यांसाठी

वेलँडच्या आधीच्या, १९८७ च्या एक्स११ या प्रोटोकॉलमध्येही नंबर क्लायंटच ठरवतो, पण सगळे क्लायंट एकाच नंबरविश्वात राहतात. कनेक्शनच्या उत्तरात सर्व्हर ‘बेस’ आणि ‘मास्क’ देतो. मास्कच्या बिटांत मोजत जायचं आणि बेसमध्ये मिसळायचं. आयडीचे वरचे तीन बिट नेहमी शून्य, उरले २९. एक्सऑर्ग हा एक्स११ चा सर्व्हर २५६ क्लायंटसाठी बांधलेला असेल तर ८ बिट क्लायंटचे आणि २१ तुमचे, म्हणजे २०,९७,१५२ नंबर. संपले तर एक्ससी-मिस्क एक्स्टेन्शनने ‘मोकळी पट्टी कुठली’ असं सर्व्हरला विचारायचं. वापरात असलेला किंवा पट्टीबाहेरचा नंबर दिला तर एरर १४, ‘बॅड-आयडी-चॉइस’.

डिलीट-आयडीसारखी सही तिथे नाही, आणि विंडोचा आयडी कुणीही क्लायंट लक्षात ठेवून वापरू शकतो. विंडो मॅनेजरने धरलेला आयडी दरम्यान दुसऱ्या विंडोचा झाला, तर त्याला कळायचा मार्ग नाही.

ही दोन विश्वं एक्सवेलँडमध्ये, म्हणजे एक्स११ ची ॲप वेलँडवर चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये, समोरासमोर येतात. एक्स११ ची कुठली विंडो वेलँडच्या कुठल्या सरफेसवर रंगते ते कंपोझिटरला कळवायला पूर्वी सरफेसचा आयडी एक्स११ च्या निरोपात घालून पाठवत. पण निरोप एका सॉकेटवर आणि सरफेस दुसऱ्यावर. निरोप आधी पोचला तर तो सरफेस अजून नसतो. उशिरा पोचला तर त्या नंबरावर दुसराच बसलेला असू शकतो. एक्सवेलँड-शेल प्रोटोकॉलने ही जोडी ६४ बिटांच्या सीरियलवर नेली: सरफेसवर सीरियल लावायचा, तोच एक्स११ च्या निरोपात पाठवायचा आणि दोन्हीकडून आला की कंपोझिटरने गाठ मारायची. हा सीरियल एकदा वापरला की पुन्हा कुणालाच मिळत नाही. जुने कंपोझिटर सांभाळत असाल तर आयडीवाली वाटही काही काळ ठेवावी लागेल. मात्र दोन्ही आले तर विश्वास सीरियलवर ठेवा.